जुने आउटबोर्ड इंजिन नातवंडासोबत पुन्हा चालते करताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मांडवी, झुआरी आणि शापोरा या नद्यांच्या काठावरील अनेक घरांत, पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवलेले एखादे जुने आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन, अजूनही सापडते. मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडे घरी आली की ते बाहेर काढले जाते आणि त्यानंतर आमच्या दुरुस्ती कार्यशाळेकडे चौकशी येते. घरी काय करता येईल, त्यातले नातवंडाच्या हाती काय द्यावे आणि कोणत्या कामासाठी इंजिन आमच्याकडे आणावे, याची माहिती व्हावी म्हणून आम्ही हे पत्रक काढले आहे.

पहिली विनंती अशी की, इंजिन चालू होते का हे पाहण्यासाठी दोरी ओढू नये. अनेक वर्षे बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. अशा वेळी जोर लावला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडे उठतात, आणि ज्या इंजिनाचे काम थोडक्यात भागले असते त्याचा खर्च एकदम वाढतो. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून थोडे तेल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक, हाताने, नेहमीच्या दिशेने, सावकाश फिरवून पाहावे. तेल पुन्हा घालूनही ते हलले नाही, तर तेथेच थांबून इंजिन आमच्याकडे आणावे.

दोरी ओढण्याऐवजी पहिला दिवस इंजिनाची ओळख पटवण्यात घालवावा. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ मध्ये आपले आउटबोर्ड इंजिन बाजारात आणले. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा आणि तळाशी पंखा फिरवणारे गिअर ही त्याची रचना आजही तशीच आहे. यामाहाचे पहिले आउटबोर्ड १९६० मध्ये आणि सुझुकीचे १९६५ मध्ये आले. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले असल्याने त्या इंजिनांचे सुटे भाग बहुधा जुन्या साठ्यातूनच मिळवावे लागतात. म्हणून इंजिन होडीला आवळणाऱ्या क्लॅम्पजवळच्या पट्टीवरील मॉडेल आणि अनुक्रमांक नातवंडाला वहीत उतरवून घेण्यास सांगावे. पट्टी घासून साफ करू नये, अक्षरेच निघून जातात. हे इंजिन कोणत्या होडीवर होते आणि ते खाऱ्या पाण्यात चालले की गोड्या, हे आजोबांनाच ठाऊक असते, आणि आमच्या दृष्टीने ती माहिती अनुक्रमांकाइतकीच महत्त्वाची आहे.

घरी उघडण्यासारखा भाग: पाण्याचा पंप

आमच्या मते मुलाला शिकवण्यासाठी पाण्याच्या पंपाइतका चांगला भाग या इंजिनात दुसरा नाही. बहुतेक नमुन्यांत हा पंप खालच्या गिअरबॉक्सच्या माथ्यावर, उभ्या दांड्याभोवती बसवलेला असतो आणि त्यात रबराचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचे लहान चक्र, असतो. तो बाहेरचे पाणी वर ढकलतो आणि त्यानेच इंजिन थंड राहते. खालचा भाग उतरवून पंपाचे झाकण काढले की बरेचदा इम्पेलरची सगळी पाती एकाच बाजूला वाकून कडक झालेली दिसतात. बोटाने सरळ केली तरी ती परत वाकतात, आणि असा इम्पेलर बदललाच पाहिजे. नातवंडाला पाती मोजायला सांगावीत. एखादे पाते तुटलेले असेल तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण तो वर जाणाऱ्या नळीत अडकलेला असतो आणि नवा इम्पेलर घालूनही पाणी पोहोचत नाही. नवा इम्पेलर बसवताना साबणाचे पाणी लावावे, दांडा फिरण्याच्या दिशेनेच फिरवत तो आत सरकवावा आणि दांड्यावरील लहानशी चावी (इम्पेलरला दांड्याबरोबर फिरवणारा धातूचा तुकडा) तिच्या खाचेत आहे ना, हे पाहावे. ही चावी पडून हरवते, म्हणून काम पांढऱ्या कापडावर करावे.

याच वेळी गिअरबॉक्समधील तेलही पाहून घ्यावे. ते दुधाळ निघाले तर सीलमधून पाणी आत गेले आहे असे समजावे. सील बदलण्याचे काम मात्र आमच्यावर सोपवावे.

खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनाचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाम बसतात. मांडवी आणि झुआरी या भरती-ओहोटीच्या नद्या असून उन्हाळ्यात खारे पाणी बरेच आतपर्यंत शिरते, त्यामुळे इंजिन समुद्रात कधी गेले नव्हते एवढ्यावर विसंबू नये. बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून वाट पाहावी, आधी किंचित आवळून मग सोडवावे आणि डोके गोल होऊ लागताच हात थांबवावा. तुटलेला बोल्ट काढण्याचा खर्च न तुटलेल्या बोल्टपेक्षा नेहमीच जास्त येतो.

आमच्याकडे आणण्यासारखी कामे

फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले असते. ते हातोडीने ठोकून काढू नये, त्यासाठी पुलर, म्हणजे चाक ओढून काढण्याचे अवजार, लागतो. त्याखालील पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल हे ठिणगी पाडणारे भाग आम्ही नातवंडासमोर तपासून दाखवतो. आम्हाला विचाराल तर हा भाग त्याने पाहिलाच पाहिजे. कार्ब्युरेटर घरी उघडण्यास हरकत नाही, परंतु काही जुन्या इंजिनांतील फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बुचाचा असून त्यावर लाखेचा लेप असतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने हा लेप विरघळतो आणि जुन्या रबरी नळ्याही मऊ पडतात. म्हणून फ्लोट आणि नळ्या बदलूनच इंजिन चालवावे.

जुन्या रंगात शिसे आणि जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ही दोन्ही कोरडी घासण्याचे काम मुलाला देऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. समई किंवा गॅसची शेगडी पेटलेली असेल त्या खोलीत टाकी उघडू नये.

चालवून पाहताना

तेलाचे प्रमाण इंजिनागणिक वेगळे असते आणि हा हिशेब नातवंडाकडून करून घ्यावा. पाच लिटर पेट्रोलमध्ये ५०:१ प्रमाणासाठी १०० मिलिलिटर, तर २५:१ साठी २०० मिलिलिटर तेल लागते. जुन्या ब्रिटिश सीगल इंजिनांना १०:१ प्रमाण सांगितलेले आहे, म्हणजे तब्बल अर्धा लिटर. तेल पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांचे, टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचे घ्यावे. मोटारगाडीचे चालत नाही. इंजिन कोरडे कधीही चालू करू नये, कारण पाण्याविना इम्पेलर काही क्षणांतच जळतो. पिंप गोड्या पाण्याने भरून, पंखा उतरवून, उघड्या अंगणात ते चालवावे आणि पाण्याची धार बाहेर पडते का ते पाहावे. काही जुन्या नमुन्यांत वेगळी धार नसते, पाणी एक्झॉस्टबरोबरच उडते.

पावसाळ्यापूर्वी काम पुरे झाले नाही तर उघडे पडलेले लोखंडी भाग तेल लावून कापडात ठेवावेत. जूनच्या दमट हवेत त्यांच्यावर लगेच गंज चढतो. इंजिन पुन्हा रंगवायचे असल्यास जस्ताच्या ॲनोडवर, म्हणजे इतर भागांऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्यावर, रंग लावू नये, नाहीतर तो निरुपयोगी ठरतो. आमचा सल्ला मात्र जुना रंग आणि जुनी अक्षरे जमतील तितकी राखण्याचा आहे.

इंजिन आमच्याकडे आणताना टाकीतील पेट्रोल काढून टाकावे आणि सुटलेले बोल्ट डब्यात घालून सोबत आणावेत. गाडीत आडवे ठेवावे लागले तर इंजिनाची बाजू पंख्याच्या बाजूपेक्षा उंच ठेवावी, म्हणजे खाली राहिलेले पाणी सिलिंडरमध्ये उतरणार नाही.