हरणाची रानातील सफाई आणि अवयवपरीक्षा

शिकार केलेल्या हरणाचे पोट जागीच फाडून कोथळा, आतडी, काळीज (यकृत), फुप्फुसे बाहेर काढण्याच्या कामाला उत्तर अमेरिकेत ‘फील्ड ड्रेसिंग’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये यासाठी ‘ग्रॅलक’ हा शब्द रूढ आहे. तो गेलिक भाषेतील आतड्यांच्या नावावरून आला. मांस लवकर थंड करणे हा या सफाईचा मुख्य हेतू. पण जनावर आजारी होते का, हे पाहण्याची संधीही याच वेळी मिळते, आणि ती पुन्हा येत नाही. कत्तलखान्यातल्या जनावराला पशुवैद्य कापण्याआधी आणि कापल्यानंतर तपासतो. रानातल्या हरणाच्या बाबतीत पहिली, आणि घरी खाण्यासाठी केलेल्या शिकारीत बहुधा शेवटचीही, तपासणी शिकाऱ्याच्याच हातून होते. युरोपीय संघाने 2006 पासून ही जबाबदारी नियमात बांधली आहे: विक्रीसाठी जाणाऱ्या मोठ्या शिकारीचे धड आणि आतले अवयव प्रशिक्षित व्यक्तीने पाहावे लागतात, आणि मांस आतपर्यंत 7 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली थंड करावे लागते.

परीक्षा खरे तर जनावर उभे असतानाच सुरू होते. खंगलेले शरीर, लंगडणे, मान टाकून उभे राहणे, लाळ गाळणे, माणसाची भीती न वाटणे ही लक्षणे दिसली तर आतले अवयव कितीही स्वच्छ निघाले तरी मांसावर भरवसा ठेवू नये. गोळी लागल्यानंतर दूरवर धावून दमलेल्या हरणाच्या स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते. मेल्यावर त्या मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, ते गडद आणि चिकट राहते व लवकर नासते. यात रोगाचा काही संबंध नाही, तरी मांस हलक्या प्रतीचेच.

निरोगी काळीज गडद तांबूस-तपकिरी, गुळगुळीत आणि धारदार कडांचे असते. कडा फुगून गोल झाल्या असतील तर सूज समजावी. इथे एक नेहमीची चूक टाळायला हवी: हरणाला पित्ताशय नसतेच. गाई-मेंढ्या कापण्याची सवय असलेला माणूस ते शोधत बसतो आणि सापडले नाही म्हणून चक्रावतो. काळजात सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे मोठा अमेरिकी यकृतकृमी. पानासारखा चपटा, काही वेळा 10 सेंटिमीटरपर्यंत लांब असा हा कृमी काळजात पुटकुळ्या करून राहतो आणि भोवती काळी शाई सांडल्यासारखे डाग पाडतो. उत्तर अमेरिकेतून आणलेल्या वापिटी हरणांबरोबर तो इटलीत पोहोचला आणि 1875 मध्ये तूरिनजवळच्या राजउद्यानात त्याची प्रथम नोंद झाली. दिसायला किळसवाणा असला तरी त्याची माणसाला लागण होत नाही. काळीज फेकावे, मांस ठेवावे. काळजावर किंवा आतड्यांच्या पडद्यावर लोंबणाऱ्या पाण्याने भरलेल्या पिशव्या फीतकृमीच्या असतात, तर पोटाच्या पोकळीत वळवळणारे पांढरे दोऱ्यासारखे जंत मांसाला कसलाही धोका करत नाहीत. कातडीवरचे काळपट मस विषाणूमुळे येतात आणि कातडीबरोबर निघून जातात.

खरी काळजी छातीच्या पोकळीत घ्यावी लागते. फुप्फुसे गुलाबी, स्पंजासारखी आणि फासळ्यांपासून सुटी असायला हवीत. ती फासळ्यांना चिकटलेली असतील, आत पू असेल किंवा छातीच्या आतल्या अस्तरावर वाटाण्याएवढ्या पिवळट-तपकिरी गाठी असतील, तर काम तिथेच थांबवावे. अशा गाठी गोजातीय क्षयरोगाच्या असू शकतात. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या ईशान्य भागात 1994 मध्ये शिकार केलेल्या एका पांढऱ्या शेपटीच्या हरणात हा रोग आढळला, आणि तेव्हापासून तिथे हरणांच्या मुंड्या तपासणीसाठी गोळा केल्या जातात. मुंडीच का? कारण क्षयाच्या पहिल्या खुणा बऱ्याचदा घशामागच्या लसिकागाठींत (लिम्फ नोड्समध्ये) उमटतात, आणि रानातली सफाई करताना ती जागा सहसा उघडली जात नाही. ब्रिटनमधले शिकारी म्हणूनच घशामागच्या, फुप्फुसांजवळच्या आणि आतड्यांच्या पडद्यातल्या लसिकागाठी चाचपून पाहायला शिकतात. गाठ सुजलेली, कडक किंवा चिरल्यावर पू निघणारी असेल तर धडासकट सगळे अवयव तसेच ठेवून पशुवैद्याला दाखवावेत. संशय आल्यावर अवयव फेकून देणे म्हणजे पुरावाच फेकणे.

प्लीहा, म्हणजे पाणथरी, चपटी आणि निळसर-जांभळी असते. ती फुगून काळी पडली असेल आणि नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त येत असेल तर काळपुळीची शंका घ्यावी. नैऋत्य टेक्ससमध्ये हरणांत हा रोग अधूनमधून उद्भवतो. असे रक्त आधीच दिसले तर जनावर कापायचेच नसते, कारण हवा लागली की जंतू बीजाणू बनवतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

मूत्रपिंड गुळगुळीत आणि तपकिरी दिसले म्हणून ते खाण्याजोगे ठरत नाही. कॅडमिअम हा जड धातू वयाबरोबर मूत्रपिंडात आणि काळजात साठत जातो आणि त्याचा रंग-वास काहीच नसतो. मिशिगनमधील ऑस्कोडा गावाजवळ 2018 मध्ये पीएफएएस या सहजी न विघटणाऱ्या औद्योगिक रसायनांमुळे त्या परिसरातली हरणे खाऊ नयेत, असा इशारा राज्याने दिला होता. तिथली हरणे पाहून कोणाला काही कळले नसते.

सर्वांत अवघड प्रश्न हरणाला हळूहळू झिजवणाऱ्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या रोगाचा, ज्याला शिकारी ‘सीडब्ल्यूडी’ म्हणतात; क्षयरोगाहून हा वेगळा. 1967 मध्ये कोलोराडोतील एका संशोधनकेंद्रातल्या म्यूल हरणांत तो प्रथम लक्षात आला, 2016 मध्ये नॉर्वेतील रेनडिअरमध्ये सापडला, आणि अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत तो पसरला आहे. विकृत प्रथिनामुळे होणाऱ्या या रोगात काळीज, फुप्फुस, पाणथरी यांपैकी कशावरही डोळ्यांना दिसेल अशी खूण उमटत नाही, आणि लागण झालेले हरीण बराच काळ ठणठणीत दिसते. निदान होते ते घशामागच्या लसिकागाठी आणि मेंदूच्या बुंध्याच्या प्रयोगशाळेतील चाचणीतूनच. शिजवल्याने हे प्रथिन नष्ट होत नाही. माणसाला लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरी चाचणीत दोषी ठरलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, असाच अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. रोगग्रस्त भागात म्हणून मेंदू, पाठीचा कणा, डोळे, पाणथरी आणि लसिकागाठींना सुरी लावू नये आणि हाडे करवतीने कापण्याऐवजी मांस हाडांवरून सोडवून घ्यावे.

रोगांची ही यादी लांबली तरी रानातल्या मांसाची नासाडी बहुतांशी सुरीमुळे आणि उशिरामुळेच होते. गोळी पोटात लागली किंवा सुरीच्या टोकाने कोथळा फुटला की अर्धपचलेला चारा आणि विष्ठा मांसावर पसरते. ओरेगनमध्ये 1995 साली हरणाच्या सुकवलेल्या मांसातून ई. कोलाय ओ157 ची साथ पसरली होती. मांस कोमट हवेत सुकवल्याने हा जंतू मरेलच असे नाही, म्हणून सुकवण्याआधी मांस 71 अंशांपर्यंत तापवायला सांगतात. माखलेला भाग पाण्याने धुण्याचा मोह होतो, पण पाण्याबरोबर घाण निर्मळ मांसावर पसरते. तो भाग बोटभर जास्तीचा घेऊन कापूनच काढावा. पोटाच्या आतल्या बाजूला हिरवट छटा दिसली तर आतड्यांतला वायू मांसात मुरला आहे, म्हणजे सफाईला उशीर झाला आहे. मागच्या फऱ्यात हाडालगत नाक नेऊन पाहावे: जाड मांसाचा गाभा सर्वांत शेवटी थंड होतो, म्हणून आंबूस वासही तिथून सुरू होतो. जिवंत हरणाचे शरीर 38 अंशांच्या आसपास असते. ऊबदार दिवसात ही ऊब आपोआप उतरत नाही, म्हणून छातीचा पिंजरा काठीने ताणून हवा खेळती ठेवतात आणि शक्य तितक्या लवकर मांस 4 अंशांखाली नेतात.

गोळीच्या वाटेभोवतीचे रक्ताळलेले मांसही काढून टाकायचे असते. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर उडतात आणि ते बोटांना लागत नाहीत. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात दान म्हणून आलेल्या हरणाच्या खिम्याच्या क्ष-किरण चित्रांत असे कण दिसल्यावर अन्नवाटप केंद्रांना तो टाकून द्यायला सांगण्यात आले होते.

फेकायच्या अवयवांबाबत एक नियम सगळीकडे सारखा लागू पडतो: ते शिकारी कुत्र्याला कच्चे देऊ नयेत. फीतकृमीचे चक्र कुत्र्याच्या आतड्यांत पूर्ण होते, आणि हायडॅटिड गळवे करणाऱ्या जातीची अंडी तिथून कुत्र्याच्या केसांवाटे धन्याच्या हातावर आणि तोंडात जाऊ शकतात.