वक्र पर्वतपट्टे

ज्या पर्वतपट्ट्यातील वलींचा (खडकांच्या थरांना पडलेल्या घड्यांचा) व विभंगांचा (ज्यांवरून खडक सरकतात अशा भेगांचा) कल सरळ न राहता नकाशावर कमानीसारखा वळत जातो, त्याला वक्र पर्वतपट्टा म्हणतात. ऑस्ट्रेलियन भूवैज्ञानिक एस. वॉरेन कॅरी यांनी १९५५ मध्ये यासाठी ‘ओरोक्लाइन’ ही संज्ञा मांडली. मात्र ती मूळच्या सरळ व मागाहून वाकलेल्या पट्ट्यापुरतीच आहे आणि प्रत्येक कमानीला ती सरसकट लावणे योग्य नव्हे.

काही पट्टे जन्मतःच वक्र असतात. जुन्या खंडकिनाऱ्याला खोबण असली आणि तिच्यात गाळ जाड साचला असला, तर दाब येताच तेथील थर शेजारच्या थरांपेक्षा पुढे सरकतात. तळाशी मिठाचा निसरडा थर असल्यास ही सरक आणखी वाढते. इटलीतील कॅलाब्रियाच्या कमानीमागे निराळे कारण आहे : तेथे खाली बुडणारा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा विशाल तुकडा) मागे हटत गेला आणि वरचा पट्टा त्याच्यामागे ओढला गेला. सुमारे २,४०० किमी. लांबीच्या हिमालयाची कमान भारतीय भूपट्टाच्या धडकेतून उभी राहिली असून तिच्या टोकांशी, नंगा पर्वत व नामचा बारवा येथे, रांगा एकाएकी वळतात.

कमान मूळची की मागाहून आलेली, हे केवळ आकारावरून ठरत नाही. निर्णायक साक्ष पुराचुंबकत्वाची असते. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजे तत्कालीन चुंबकीय दिशा जपून ठेवतात. पट्टा नंतर वाकला असेल, तर या दिशाही पट्ट्याच्या कलाबरोबर वळलेल्या आढळतात, आणि मुळातच वक्र असेल तर त्या सर्वत्र जवळपास समांतर राहतात. इंदूरहून महूमार्गे जाम घाट उतरताना दिसणाऱ्या काळ्या बेसाल्टातही अशीच नोंद आहे. दख्खनच्या या लाव्ह्यावरून भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात होता व पुढे उत्तरेकडे सरकताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरला, हे कळते. घाटातील विंध्याचा कडा मात्र आडव्या लाव्हाथरांच्या पठाराची झिजलेली कड आहे. ‘विंध्य पर्वत’ हे नाव आपल्या तोंडी रुळले असले, तरी येथे त्याला वलीपर्वत समजू नये.

उत्तर स्पेनमधील कँटाब्रियन कमान ही खऱ्या ओरोक्लाइनची ठळक साक्ष होय. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ती घोड्याच्या नालासारखी वाकली. अँडीजमध्ये, चिलीच्या उत्तर टोकाच्या आरीका शहराजवळील वळणाच्या उत्तरेस, पेरूत, खडक घड्याळाच्या उलट दिशेने आणि दक्षिणेस, चिलीत, घड्याळाच्या दिशेने फिरलेले आढळतात.