केमोकाइन ग्राही

केमोकाइन ग्राही : मुख्यतः पांढऱ्या रक्तपेशींच्या पटलावर असणारी प्रथिने. केमोकाइन या छोट्या संदेशवाहक प्रथिनांना ती ओळखतात आणि पेशीची वाट ठरवतात. माणसात सुमारे ५० केमोकाइने आहेत, ग्राही मात्र २०च्या आसपास. त्यामुळे एका ग्राहीला अनेक केमोकाइने चालतात, शिवाय एक केमोकाइन अनेक दारे ठोठावते. ‘एक कुलूप, एक किल्ली’ ही शालेय उपमा इथे लंगडी पडते.

सोलापूरची चादर विणण्याआधी कापूस पिंजावा आणि कातावा लागतो. सूतगिरणीच्या या खात्यांत उडणाऱ्या धुळीत जीवाणूंचे अंतर्विष, म्हणजे त्यांच्या आवरणातला विषारी घटक, असते. दीर्घकाळ ती श्वासावाटे घेणाऱ्या कामगाराची छाती सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी आवळते, हा बिसिनोसिस. अंतर्विषामुळे फुफ्फुसातील पेशी सीएक्ससीएल८ हे केमोकाइन सोडतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवर सीएक्ससीआर१ आणि सीएक्ससीआर२ हे ग्राही असल्याने त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून धुळीच्या जागी जमतात. ज्या पेशीवर हे ग्राही नाहीत, तिच्या लेखी तो संदेश नसल्यातच जमा.

ग्राही पेशीपटलातून सात वेळा आरपार जातो. बाहेर केमोकाइन चिकटले की आत जी-प्रथिन हे संदेश पुढे नेणारे प्रथिन जागे होते, कॅल्शियम वाढते, पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाचे धागे पुढच्या बाजूला रचले जातात; केमोकाइन जिकडे दाट, तिकडे पेशी सरकते. डांग्या खोकल्याच्या जीवाणूचे विष नेमके हेच जी-प्रथिन बंद पाडते. मग लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी रक्तातून लसीका ग्रंथींत शिरू शकत नाहीत आणि रक्ततपासणीत त्यांची संख्या भलतीच वाढलेली दिसते. वाढ कसली, ती बरीचशी कोंडीच असते.

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, म्हणजे तिथली लसीका ग्रंथी सुजते; त्यामागे सीसीआर७ या ग्राहीचाही हात असतो. जखमेतला नमुना घेऊन निघालेल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टेहळ्या पेशी, याच ग्राहीच्या आधारे ग्रंथी गाठतात.

एचआयव्ही पेशीत शिरताना सीडी४ या पेशीपटलावरच्या प्रथिनाबरोबर सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ वापरतो, हे १९९६मध्ये उघड झाले. सीसीआर५च्या जनुकातील डीएनएची ३२ अक्षरे दोन्ही प्रतींत गळालेल्या व्यक्तींना सीसीआर५ वापरणाऱ्या विषाणूची लागण सहसा होत नाही. हा बदल उत्तर युरोपात बऱ्यापैकी आढळतो, भारतात क्वचितच. सीसीआर५ रोखणाऱ्या मॅराव्हिरॉक या औषधाला २००७मध्ये मान्यता मिळाली. दाहाच्या आजारांवर मात्र असे ग्राही रोखणारी बरीच औषधे चाचण्यांत तोकडी पडली. एक दार लावले तरी पेशींना दुसरे उघडे सापडते.