यकृतातला पर्णकृमी: गोठ्यापासून सोनोग्राफीच्या पडद्यापर्यंत

कोकणात गुरं पाळणाऱ्याला यकृतातला हा किडा नवा नाही. खाचरात, व्हाळाच्या कडेला चरणारी म्हैस पावसाळा सरल्यावर खंगत जाते, जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबते, दूध आटतं. अशा जुनाट आजारातल्या जनावराचं यकृत कापलं तर पित्तनलिका इतक्या कडक झालेल्या असतात की सुरी करकरते. आपल्याकडच्या गुरांत मुख्यतः फॅसिओला जायगँटिका हा पानासारखा चपटा कृमी आढळतो. तो सात सेंटिमीटरपर्यंतही वाढतो.

माणसातल्या नोंदी मात्र भारतात तुरळक. आपल्याकडे अळू काय, टाकळा काय, शिजवल्याशिवाय ताटात येत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. पण कोकणचा माणूस पर्णकृमींपासून सुरक्षित आहे, असं कुणी समजू नये. याच वर्गातल्या, मूत्राशयाच्या शिरांत राहणाऱ्या कृमीच्या लागणीचं केंद्र 1952 साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी नोंदवलं, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात. तिथेही मधला यजमान, म्हणजे ज्याच्या अंगात कृमीची अळी वाढते तो जीव, यकृतातल्या कृमीसारखाच गोड्या पाण्यातली गोगलगायच होती.

यकृतातल्या कृमीचा प्रवास अल्जर्नन थॉमस यांनी इंग्लंडमध्ये आणि रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी जर्मनीत, 1880 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, स्वतंत्रपणे उलगडला. शेणातली अंडी पाण्यात जातात, तिथून बाहेर पडलेली अळी गोगलगायीत शिरते, तिच्यात वाढून पुन्हा पाण्यात येते आणि पाणवनस्पतींवर कोष करून बसते. तो कोष पोटात गेला की पिल्लू आतड्याची भिंत भेदतं, पोटाच्या पोकळीतून यकृताचं आवरण फोडून आत घुसतं आणि काही आठवडे यकृत पोखरत पित्तनलिकेपर्यंत पोचतं. खरी अडचण याच काळात असते. ताप असतो, उजव्या बरगडीखाली दुखतं, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, पण अंडी सुरू व्हायला तीन-चार महिने लागतात. तोवर शौचाची तपासणी कितीही वेळा करा, त्यात काही सापडत नाही.

साध्या एक्स-रेचा इथे उपयोग नव्हता. 1971 मध्ये लंडनला हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर माणसाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तोही मेंदूचा. पुढे हे तंत्र पोटापर्यंत पोचलं आणि कृमीची वाट जिवंत माणसात दिसू लागली. यकृताच्या आवरणालगत सुरू होऊन आत वळत जाणारे, एकमेकांना जोडलेले काळपट ठिपके म्हणजे त्याने पोखरलेले बोगदेच. एकेकटा ठिपका पाहिला तर तो गळू किंवा पसरलेला कॅन्सर वाटतो, आणि तशी फसगत झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ठिपक्यांची रांग आणि इओसिनोफिलचा आकडा शेजारी ठेवून वाचला, तरच अर्थ लागतो. म्हणूनच रुग्ण कुठलं पाणी पितो, व्हाळाकाठचा पाला कच्चा खातो का, हे रेडिओलॉजिस्टला कळवायलाच हवं.

औषध आहे. ट्रायक्लाबेंडाझोल 1980 च्या दशकात जनावरांसाठी आलं. अमेरिकेत माणसांसाठी त्याला मान्यता मिळायला 2019 उजाडलं.

कृमी पित्ताशयात पोचल्यावर साधी सोनोग्राफीही पुरते. खडा असेल तर त्याच्यामागे सहसा काळी सावली पडते आणि रुग्ण कुशीवर वळला की तो घरंगळतो. कृमीमागे सावली नसते. रुग्ण श्वास रोखून निश्चल पडलेला, प्रोब एका जागी धरलेला, आणि तरीही पडद्यावरची ती पानासारखी आकृती हळूच आखडते, पुन्हा लांबते.