साध्या कार्यालयात मेनफ्रेमचा टेप ड्राइव्ह : पार्श्वभूमी

मेनफ्रेमचा, म्हणजे खोलीभर पसरलेल्या मोठ्या संगणकाचा, चुंबकीय टेप वाचणारा जुना टेप ड्राइव्ह आज कार्यालयात बसवताना ज्या अडचणी येतात, त्यांचे मूळ 1952 मध्ये आहे. त्या वर्षी आयबीएमने 701 संगणकाबरोबर 726 हा ड्राइव्ह आणला. जड रीळ चटकन थांबत नाही, टेप मात्र काही मिलिसेकंदांत सुरू-बंद व्हायला हवी, हा त्यातला पेच होता. जेम्स वाइडनहॅमर यांनी तो निर्वात स्तंभांनी सोडवला : रीळ आणि हेड (टेप वाचणारा-लिहिणारा भाग) यांच्यामध्ये दोन उभ्या पोकळ खणांत हवा खेचून टेपची सैल वळी धरून ठेवायची, म्हणजे झटका वळी सोसते आणि रीळ आपल्या गतीने मागून येते. उपाय देखणा होता. पण त्याच्याबरोबर हवा खेचणारा ब्लोअर, त्याचा आवाज, उष्णता आणि पुढच्या मोठ्या ड्राइव्हांसाठी थ्री-फेज वीजही आली. उंचावलेली खोटी जमीन आणि चोवीस तास वातानुकूलन असलेली संगणक-खोली हेच या यंत्रांचे घर होते.

अमेरिकेतून आलेला असा ड्राइव्ह पणजीतल्या एखाद्या कार्यालयात ठेवला, तर 60 हर्ट्झसाठी बनलेली त्याची मोटर आपल्या 50 हर्ट्झवर एक-षष्ठांश मंद फिरते आणि हवेची खेच अपुरी पडते. पोर्तुगीजकालीन घरातल्या वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर त्याचे वजन ठेवण्याआधी अभियंत्याला विचारलेले बरे.

तरीही गोव्यात खरा शत्रू दमटपणाच आहे. टेपवरील चुंबकीय थर धरून ठेवणारे पॉलियुरेथेन ओलावा शोषून हळूहळू विघटित होते. मग टेप चिकटते आणि हेड पुसलेला कापूस तपकिरी होतो. संध्याकाळी कुलूप लावताना एसी बंद करण्याची आपली सवय पावसाळ्यात इथे नडते.

हे सारे निव्वळ हौसेपुरते नाही. भूकंपीय सर्वेक्षणांची विदा (डेटा) साठवण्याचे सेग-वाय हे स्वरूप 1975 मध्ये नऊ-ट्रॅक टेपसाठीच, म्हणजे अशा ड्राइव्हांच्या रिळांसाठीच, ठरले, त्यामुळे दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारखी संस्था असलेल्या गोव्यात जुनी रिळे वाचण्याचा प्रश्न परका वाटू नये.

1980 च्या दशकातल्या स्ट्रीमर ड्राइव्हांनी बफर (विदा तात्पुरती साठवणारी स्मृती) वापरून टेप न थांबता चालवली, तेव्हा निर्वात स्तंभांचे ते खण अनावश्यक झाले. सायफर कंपनीचा एफ880 हा असा स्ट्रीमर रॅकमध्ये मावतो आणि सिंगल-फेजवर चालतो. विदा हवी असणाऱ्याने तोच घ्यावा आणि निर्वात स्तंभांचा ड्राइव्ह संग्रहालयाला सोडावा. मात्र चिकटलेली टेप कोणत्याही ड्राइव्हमध्ये लावू नये. जाणकाराकडून ती आधी मंद आचेच्या भट्टीत सुकवून घ्यावी लागते.