भिंगरीचं चिखलाशी नातं

विजेच्या तारेवर ओळीने बसलेले दुभंगलेल्या शेपटीचे छोटे पक्षी दिसले की आपण सरळ 'पाकोळ्या बसल्यात' म्हणून मोकळे होतो, मीही कित्येक वर्षं तेच म्हणायचो. पण आपल्या घराच्या वळचणीला राहणाऱ्या पाकोळीला तारेवर बसताच येत नाही, तिचे पाय फक्त भिंतीला लटकायच्या कामाचे. तारेवर बसते ती भिंगरी (कोतवालही बसतो, पण तो पूर्ण काळा आणि चांगला मोठा असतो). दोघी दिवसभर हवेत किडे पकडतात म्हणून सारख्या दिसतात, बाकी नातं काही नाही, पाकोळी तर हमिंगबर्डच्या जवळची.

खरा फरक घरट्यात. पाकोळी पिसं आणि गवत थुंकीने चिकटवते, भिंगरी मात्र गवंडी आहे. ओढ्याकाठी उतरायचं, चोचीत चिखलाची गोळी घ्यायची, पुलाखाली नेऊन लावायची, परत यायचं, असं शेकडो वेळा. आणि घाई करून चालत नाही, खालचा थर वाळायच्या आत वरचा चढवला तर सगळंच खाली येणार, म्हणून थोडं बांधून थांबतात. तारवाली भिंगरी अर्ध्या वाटीसारखं घरटं करते, ती वर्षभर इथेच आणि पाण्याजवळच राहते, नराच्या शेपटीतल्या दोन तारा मादीपेक्षा लांब असतात. लालबुडी भिंगरीचं घरटं म्हणजे आडवी सुरईच, आत जायला चिखलाचा बोगदा. मला विचाराल तर आपल्याकडच्या घरट्यांत सुगरणीनंतर हिचाच नंबर.

माळभिंगरी मात्र हिवाळी पाहुणी. हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला पिल्लं काढायची, ऑगस्ट-सप्टेंबरपासून आपल्याकडे यायचं आणि एप्रिलपर्यंत परत. वजन साधारण 20 ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या तीन नाण्यांपेक्षाही कमी, आणि प्रवास दिवसा, वाटेत किडे खात खात. इथे ती घरटं बांधतच नाही, रात्री झुंडीने लव्हाळ्यात नाहीतर उसाच्या फडात झोपते.

युरोपातही हीच भिंगरी थंडीत गायब व्हायची आणि तिकडे शेकडो वर्षं लोकांना वाटायचं की ती तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून राहते! अगदीच वेडेपणा नव्हता म्हणा, संध्याकाळी हजारोंनी तळ्याकाठच्या लव्हाळ्यात उतरायच्या आणि एक दिवस दिसेनाशा व्हायच्या, मग माणूस दुसरं काय समजणार. 1911 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये एका वकिलाने एका भिंगरीच्या पायात नंबर कोरलेलं कडं घातलं. डिसेंबर 1912 मध्ये तीच भिंगरी सापडली, थेट दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, एका शेतघरात.