काही जंत मोकळे सोडावेत

मेंढीच्या चौथ्या पोटाच्या अस्तराला चिकटून राहणारा हिमॉन्कस हा जंत जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांब असतो. मादीच्या अंगात रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याभोवती पिळलेले पांढरे अंडाशय असते, म्हणून पाश्चात्त्य देशांत त्याला न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या पट्टेरी खांबाचे नाव मिळाले आहे. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा किरकोळ वाटतो. पण हजार जंत असले की रोजचे ५० मिलिलिटर होतात, आणि वीस किलोच्या कोकराच्या अंगात रक्तच मुळी सव्वा-दीड लिटर असते. जबड्याखाली पाणी साचून सूज येते, पापणीची आतली बाजू पांढरी पडते आणि एखादे दिवशी ते चरता चरता कोसळते.

यावर १९६१ साली थायबेंडाझोल आले, तेव्हा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. अवघ्या तीन वर्षांत, १९६४ मध्ये, अमेरिकेत त्याला न जुमानणारे हिमॉन्कस सापडले. हे औषध जंताच्या पेशींतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्याचे काम थांबवते. त्या प्रथिनाच्या साखळीतील २०० व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले की औषधाची पकड सुटते. आपल्याकडे सर्रास पाजली जाणारी अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल ही औषधे त्याच कुळातली असल्याने एकाला दाद न देणारा जंत सहसा दुसऱ्यालाही देत नाही. दुकानातून नुसती बाटली बदलून आणल्याने काही साधत नाही. पुढे १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आले आणि त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेत त्याविरुद्धही प्रतिरोध दिसला. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये विक्रीस आलेल्या मोनेपँटेलची २०१३ पर्यंत तीच गत झाली होती.

औषधामुळे जंत बदलतात, असे बोलले जाते. ते बरोबर नाही. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, त्यामुळे जंतांची संख्या प्रचंड असते आणि त्यांत असा बदल असलेले थोडे जंत औषधाआधीपासूनच असतात. औषध बाकीच्यांना मारते आणि यांना रान मोकळे करून देते. म्हणून कळपाला डोस पाजताना ज्यांच्यापर्यंत औषध पोचलेच नाही असे जंत किती उरले, हे फार महत्त्वाचे ठरते. कुरणावर पडलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या आणि डोस न पाजलेल्या जनावरांच्या पोटातले जंत बचावलेल्या प्रतिरोधी जंतांशी मिसळतात आणि पुढच्या पिढीत त्यांचे प्रमाण पातळ ठेवतात.

पठारावरच्या मे महिन्याचा विचार करावा. उन्हाने गवत करपलेले असते, त्यावर अळ्या जवळजवळ टिकत नाहीत, आणि जिवंत जंत बहुतेक सगळे जनावरांच्या पोटातच असतात. अशा वेळी एकूण एक मेंढीला डोस पाजला, तर जूनच्या पावसात हिरव्या होणाऱ्या रानावर पहिली अंडी पडतात ती बचावलेल्यांचीच. डोस देऊच नये असे नव्हे, पण सरसकट देण्याची ही वेळ सर्वांत धोक्याची आहे, असे माझे मत आहे.

मग कोणाला द्यावा? दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी यासाठी एक रंगपत्रिका तयार केली आणि त्यांच्यापैकी फाफा मलान यांच्या नावावरून तिला फमाचा म्हणतात. उजेडात मेंढीचे डोके धरायचे, अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलके दाबून खालची ओढायची आणि आतला रंग पत्रिकेवरील पाच छटांशी ताडून पाहायचा. लालबुंद किंवा लालसर असेल तर डोस नाही, फिकट वा पांढरा असेल तर लगेच, आणि मधल्या छटेला जनावराची एकूण अवस्था पाहून. कळपातले बहुतांश जंत थोड्याच जनावरांत साठलेले असतात, म्हणून हे साधते. अर्थात रक्त न पिणारे जंत या पत्रिकेत दिसत नाहीत.

ज्याला डोस द्यायचा त्याला तो पुरेसा हवा. अंदाजाने वजन धरले की मोठ्या जनावराला औषध कमी पडते. शेळीचे शरीर बरीच जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. मेंढीचे माप तिला लावले की तिच्या पोटात प्रतिरोधाची उत्तम रोपवाटिका तयार होते. तिची मात्रा पशुवैद्यकालाच विचारावी.

घोड्यांची कथा वेगळ्या जंतांची, पण वळण तेच. त्यांच्या मोठ्या आतड्यातले लहान स्ट्राँगाइल जंत अनेक देशांत अल्बेंडाझोलच्या कुळातल्या औषधांना दाद देत नाहीत आणि शिंगरांतील मोठा गोल जंत आयव्हरमेक्टिनला न जुमानू लागल्याचे २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये नोंदले गेले. डेन्मार्कने १९९९ पासून जंतनाशके पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय देणे थांबवले, त्यामुळे तिथे आधी लीद तपासली जाते. मिठाच्या दाट द्रावणात कालवलेल्या लिदीतली अंडी हलकी असल्याने वर तरंगतात आणि आखलेल्या काचेच्या खणात सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. डोसाच्या दिवशी आणि साधारण दोन आठवड्यांनी अशी मोजणी केली, तर औषध लागू पडले की नुसतेच पोटातून गेले, हे कळते. आपल्या शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांनाही हीच पद्धत चालते.